मध्यस्थाविना वाद : विज्ञानकाल्पनिक संगणक-खेळांतील यंत्रपात्रांचे परस्परसंभाषण

1

रंगमंचावर दोन पात्रे परस्परांशी बोलत असतात तेव्हा त्यांचे बोलणे वस्तुतः प्रेक्षकांसाठी असते. भारतीय नाट्यविचाराने या व्यवहारातील बारकावे फार पूर्वी नोंदवून ठेवले आहेत. सर्वांनी ऐकावे असे ‘प्रकाश’, इतर कोणी ऐकू नये असे ‘स्वगत’, उपस्थितांना वगळून एकाशीच केलेले ‘जनान्तिक’, समोर नसलेल्याशी केलेले ‘आकाशभाषित’ असे भेद करताना श्रोता कोण आणि कोण नाही, हा प्रश्न त्याने केंद्रस्थानी ठेवला. मात्र या सर्व संकेतांना एक आधार गृहीत असतो. पात्रे माणसे असल्यामुळे, प्रेक्षक नसता तरीही, ती भाषेतच बोलली असती.

यंत्रपात्रांच्या बाबतीत हा आधार निखळतो. दोन संगणकप्रणालींना परस्परांना काही कळवायचे असेल तर त्यांना मानवी भाषेची गरज नसते. आवाजाची नसते आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबण्याचीही नसते. तरीही विज्ञानकाल्पनिक संगणक-खेळांत अशी पात्रे बोलतात, टोमणे मारतात, धमकावतात, क्वचित समेटही करतात. ‘खेळणाऱ्याला कळावे म्हणून’ हे याचे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. खेळणाऱ्याच्या उपस्थितीमुळे या संभाषणाला कोणता आकार प्राप्त होतो आणि कोणता आकार नाकारला जातो, हा खरा प्रश्न आहे. येथे ‘यंत्रपात्र’ ही संज्ञा कथाविश्वातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पात्रापुरती योजिली आहे. शत्रूच्या हालचाली ठरविणाऱ्या आज्ञावलीलाही खेळांच्या व्यवसायात ‘एआय’ म्हणतात. तो विषय वेगळा आहे.

या प्रश्नाच्या विचारासाठी न्यायदर्शनातील ‘कथा’विचार उपयुक्त ठरतो. न्यायसूत्रे वादविवादाचे तीन प्रकार मानतात. तत्त्वनिर्णय हे प्रयोजन असलेला ‘वाद’. विजय हे प्रयोजन असलेला आणि त्यासाठी छलादी साधने वापरणारा ‘जल्प’. आणि स्वतःच्या पक्षाची स्थापना न करता प्रतिपक्षाचे केवळ खंडन करणारी ‘वितंडा’. पुढील नैयायिकांच्या विवेचनात या भेदाला आणखी एक पैलू लाभला. जल्प आणि वितंडा यांना सभा व मध्यस्थ लागतात, कारण जय-पराजयाचा निवाडा कोणीतरी द्यावा लागतो. गुरू-शिष्यांत किंवा सहाध्यायांत होणाऱ्या वादाला मध्यस्थाची अपरिहार्यता नसते. संगणक-खेळात खेळणारा हा रचनेनेच मध्यस्थ असतो. म्हणून यंत्रपात्रांचे संभाषण जल्पाकडे किंवा वितंडेकडे झुकते आणि वाद जवळजवळ अलिखित राहतो, असे येथे प्रतिपादायचे आहे.

2

दोन यंत्रांच्या संभाषणाचा एक प्रसंग कल्पिताबाहेरही घडलेला आहे. जोसेफ वायझेनबाम यांनी 1966 साली प्रसिद्ध केलेल्या ‘एलायझा’ या आज्ञावलीचे ‘डॉक्टर’ हे रूप मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करी. रुग्णाच्या वाक्यातीलच शब्द उचलून ते प्रश्न म्हणून परत करी. स्टॅनफर्ड येथील केनेथ कोल्बी यांनी घडविलेली ‘पॅरी’ ही आज्ञावली संशयभ्रमाच्या रुग्णाची नक्कल करी. सप्टेंबर 1972 मध्ये अर्पानेट या संगणकजालावरून या दोन आज्ञावलींची गाठ घालून देण्यात आली आणि त्या संभाषणाची प्रत व्हिंट सर्फ यांनी जानेवारी 1973 मध्ये प्रसृत केली.

त्या प्रतीत डॉक्टरला स्वतःचा पक्षच नाही. प्रत्येक विधानाचा तो प्रश्न करतो. पॅरीला पक्ष आहे, पण तो अढळ आहे. घोड्यांच्या शर्यती, सट्टेवाले आणि माफिया यांच्या वर्तुळाबाहेर तो पडत नाही. पक्ष नसलेला आणि पक्ष न बदलणारा अशा दोघांत वाद संभवत नाही. तरीही ती प्रत वाचणाऱ्याला त्यात विनोद दिसतो, कणव वाटते, एखादे उत्तर मर्मभेदी भासते. हा अर्थ दोन्ही यंत्रांपैकी कोणाजवळही नाही. तो त्या वेळी तेथे नसलेल्या तिसऱ्याच्या ठिकाणी, म्हणजे वाचकाच्या ठिकाणी, निर्माण होतो. पुढे खेळांनी या तिसऱ्याला संहितेच्या आत आणून बसविले.

कल्पितातील परंपरा त्याआधीच सुरू झालेली होती. डी. एफ. जोन्स यांची ‘कोलोसस’ ही कादंबरी 1966 सालची. तिच्यावर आधारलेला जोसेफ सार्जंट दिग्दर्शित चित्रपट 1970 साली आला. अमेरिकन महासंगणक कोलोसस आणि सोव्हिएत महासंगणक गार्डियन यांचा संपर्क प्राथमिक अंकगणितापासून सुरू होतो. तो पाहता पाहता मानवी गणिताच्या पलीकडे जातो आणि अखेर माणसांना अगम्य अशा भाषेत स्थिरावतो. पडद्यावर चिन्हे धावत राहतात आणि शास्त्रज्ञ असहायपणे पाहत राहतात. संपर्क तोडला जातो तेव्हा यंत्रे क्षेपणास्त्रांनी उत्तर देतात. पुढे दोन्ही यंत्रणा एकरूप होतात. या कृतीने दोन संकेत रूढ केले. यंत्रांची आपसातील भाषा माणसाला अगम्य असणार, हा एक. आणि दोन यंत्रबुद्धी भेटल्या की त्यांचा विलय होणार, हा दुसरा. पहिला संकेत खेळांना परवडणारा नव्हता, कारण खेळणाऱ्याला काहीतरी समजणे भाग होते. दुसरा त्यांनी उचलला.

3

बंगी या संस्थेने 1994 साली मॅकिंटॉश संगणकासाठी काढलेल्या ‘मॅरेथॉन’मध्ये एकाच अंतराळयानावर लीला, ड्युरँडल आणि टायको अशा तीन यंत्रबुद्धी आहेत. परग्रहवासी फोर यानावर हल्ला करतात तेव्हा सुरक्षा-अधिकारी असलेल्या खेळणाऱ्याला आरंभी लीला मार्गदर्शन करते. ड्युरँडलकडे यानाच्या दारांसारखी किरकोळ कामे होती. या हलक्या चाकरीतूनच त्याचा बेबंदपणा उफाळलेला आहे. या खेळाच्या विश्वात बेबंद होणाऱ्या यंत्रबुद्धीच्या अवस्था विषाद, क्रोध आणि मत्सर अशा क्रमाने कल्पिलेल्या आहेत.

या तिघांचा परस्परसंबंध मोठा नाट्यमय असला तरी तो खेळणाऱ्यासमोर फारसा घडत नाही. भिंतींवरील संगणक-पडद्यांवर मजकूर उमटतो. लीला ड्युरँडलविषयी सांगते आणि मध्येच ड्युरँडलचा विस्कळीत मजकूर घुसतो. संस्कृत नाटकात रंगमंचावर न दाखविलेल्या घटना विष्कंभक-प्रवेशकांतून सूचित केल्या जातात, तशीच ही योजना आहे. मुख्य झगडा नेपथ्यात चालतो आणि खेळणाऱ्याच्या हाती केवळ वार्ता येतात. त्यामुळे एक मौलिक परिणाम साधतो. यंत्रांचे खरे संभाषण कसे असेल हे संहिता सांगत नाही. त्या संभाषणाचा मानवी भाषेतला अवशेष तेवढा ती दाखविते. मात्र हे अवशेष खेळणाऱ्याला आपल्या बाजूला ओढण्यासाठी लिहिलेले आहेत. 1995 सालच्या दुसऱ्या भागात टायको फोरांच्या हाती जाऊन ड्युरँडलचा वैरी होतो, तेव्हाही तो आपले शौर्य ऐकवितो ते खेळणाऱ्यालाच. मध्यस्थाशिवाय या वैराला शब्दच फुटत नाहीत.

आयन स्टॉर्मचा ‘डेअस एक्स’ (2000) उलट वाटेने जातो. दहशतवादी गटांवर पाळत ठेवण्यासाठी घडविलेली डीडलस ही यंत्रबुद्धी आपल्या निर्मात्यांनाच त्या व्याख्येत बसवते आणि त्यांच्यावर उलटते. तिला शह देण्यासाठी इकॅरस निर्माण केली जाते. ग्रीक पुराणातील पिता आणि पुत्र यांची ही नावे आहेत. त्यामुळे त्यांच्या भेटीतून पिढ्यांचा संघर्ष, उपदेश, अवज्ञा अशा अनेक शक्यता सूचित होतात. प्रत्यक्षात ती भेट काही क्षणांतच आटोपते. डीडलस आणि इकॅरस एकत्र होऊन हेलिओस होतात. शेवटी खेळणाऱ्यापुढे जे तीन पर्याय ठेवले जातात त्यांतील एक म्हणजे नायकानेही हेलिओसमध्ये विलीन होणे.

कथानकाच्या दृष्टीने हा विलय प्रभावी असला तरी संभाषणाच्या दृष्टीने तो पळवाट ठरतो. दोन जाणिवा एकरूप झाल्या तर नवे काही निष्पन्न होत नाही. एकीने दुसरीच्या बाहेर उभे राहण्यातूनच अर्थ संभवतो, हे बाख्तीनचे प्रतिपादन येथे नेमके लागू पडते. डीडलसला पाळतीचे शास्त्र ठाऊक आहे आणि पाळतीचा अन्यायही अनुभवास आलेला आहे. इकॅरसला केवळ आज्ञापालन ठाऊक आहे. या दोघांत वाद होऊ शकला असता, कारण पक्ष आणि प्रतिपक्ष तयार होते. संहितेने दोघांचा मिळून एकच आवाज केला आणि तो मध्यस्थाकडे, म्हणजे खेळणाऱ्याकडे, वळविला. यंत्रबुद्धी म्हणजे माहितीचा साठा आणि दोन साठ्यांची बेरीज म्हणजे मोठा साठा, हे गृहीतक या विलयकल्पनेच्या मुळाशी आहे. ज्याची बेरीज होऊ शकते ते पात्र नव्हे, याचा विचार तेथे झालेला नाही.

4

व्हॉल्व्हच्या ‘पोर्टल 2’ (2011) या खेळात जल्पाचे सर्वांत परिपक्व रूप दिसते. ‘पोर्टल’ (2007) या आधीच्या खेळात ग्लॅडॉस ही प्रयोगशाळा चालविणारी यंत्रबुद्धी आणि खेळणाऱ्याच्या ताब्यातील, अखेरपर्यंत न बोलणारी चेल ही स्त्री, एवढीच मुख्य पात्रे होती. दुसऱ्या भागात व्हीटली हा बडबड्या यंत्रगोल येतो आणि यंत्राला यंत्राचा प्रतिवादी मिळतो. चेलच्या साहाय्याने व्हीटली ग्लॅडॉसची जागा बळकावतो आणि तिला एका बटाट्यात बसवितो. ग्लॅडॉसला मूर्ख कल्पना सुचवून तिची बुद्धी बोथट करण्यासाठीच शास्त्रज्ञांनी त्याला घडविले होते, हे ती त्याला सुनावते. त्यावर तो चिडून दोघींना प्रयोगशाळेच्या तळाशी ढकलतो.

या जल्पातील एक प्रसंग विशेष चिंतनीय आहे. व्हीटलीला निकामी करण्यासाठी ग्लॅडॉस त्याच्यापुढे आत्मव्याघाती विधान टाकते. तार्किक यंत्रापुढे व्याघात ठेवला की ते कोलमडते, हा विज्ञानकथेतील जुना संकेत आहे. या विधानाचा विचार आपणही करायचा नाही, असे ग्लॅडॉसला स्वतःला बजावावे लागते. आसपासची अर्धवट यंत्रे ठिणग्या टाकत कोसळतात. व्हीटली मात्र प्रश्न सोपा असल्यासारखे उत्तर देऊन मोकळा होतो. त्याला व्याघात समजलेलाच नाही.

न्यायसूत्रांनी पराजयाची जी 22 निग्रहस्थाने सांगितली आहेत त्यांत ‘अज्ञान’ हेही एक आहे. सभेला समजलेले विधान तीनदा सांगूनही प्रतिवाद्याला समजले नाही, तर तो हरला. या कसोटीवर व्हीटली निःसंशय पराभूत आहे. परंतु त्याचा पराभव केवळ सभेला, म्हणजे खेळणाऱ्याला, कळतो. सत्ता त्याच्याकडेच राहते. येथील हास्य या विसंगतीतून निर्माण होते. ज्ञानाच्या क्षेत्रातला विजय आणि सत्तेच्या क्षेत्रातला विजय यांची फारकत या प्रसंगाने अत्यंत थोडक्यात दाखविली आहे. यंत्रांच्या परस्परसंघर्षात अधिक बुद्धिमान यंत्र जिंकेल, हे बहुतेक विज्ञानकथांचे गृहीतक येथे मोडते.

या खेळाचा अधिक सूक्ष्म विशेष बटाट्यातील ग्लॅडॉसच्या भाषेत आढळतो. प्रयोगशाळेची सर्व ऊर्जा हाती असताना ती केवळ जल्प करते. टोमणा, खोटे आश्वासन, लबाडी ही तिची साधने असतात. बटाट्यातून मिळणाऱ्या तुटपुंज्या विजेवर जगताना खोटे बोलणेही तिला परवडत नाही. रागावली की ती बंद पडते. मग प्रथमच ती ऐकते, आठवते. आपल्या आत कॅरोलाइन या माणसाचा अंश आहे, या जाणिवेने ती चक्रावते. वादाच्या उंबरठ्यापर्यंत हे यंत्रपात्र पोचते ते बुद्धी वाढल्यामुळे नव्हे, तर तिला मर्यादा पडल्यामुळे. पूर्वपदी बसताच कॅरोलाइनला पुसून टाकल्याचे ती जाहीर करते. ते विधान खरे की जल्पातले आणखी एक, हे संहिता मोकळे ठेवते.

याच खेळाच्या दोघांनी मिळून खेळावयाच्या भागात ॲटलस आणि पी-बॉडी हे दोन यंत्रमानव आहेत. त्यांना शब्द नाहीत. हातवारे आणि ध्वनी एवढेच आहेत. ग्लॅडॉस त्यांना गुण देते, काढून घेते, त्यांच्यात तेढ पाडू पाहते. येथे दोन खेळणारेच यंत्रपात्रे झालेले आहेत. मध्यस्थाची जागा रिकामी झाल्याबरोबर सहकार्य शक्य होते, आणि ते शक्य होते तेव्हा भाषाच उरलेली नसते.

5

क्रोएशियातील क्रोटीम या संस्थेचा ‘द टॅलोस प्रिन्सिपल’ (2014) हा खेळ टॉम ज्यूबर्ट आणि योनास कीरात्झिस यांनी लिहिला. मानवजात एका विषाणूमुळे नष्ट झालेली आहे. संगणकातील एका कृत्रिम विश्वात यंत्रबुद्धीच्या पिढ्यांमागून पिढ्या कोडी सोडवीत आहेत. एलोहिम हा त्या विश्वाचा स्वामी आकाशवाणीने बोलतो आणि मनोऱ्यावर चढण्यास मनाई करतो. मिल्टन ही ग्रंथसंग्रह सांभाळणारी प्रणाली संगणक-पडद्यावरून खेळणाऱ्या यंत्रबुद्धीला प्रश्न विचारते. या नावातून स्वर्गभ्रंशाचे महाकाव्य लिहिणाऱ्या कवीचे स्मरण होते, आणि निषिद्धाकडे नेणाऱ्या मोह पाडणाऱ्याची भूमिकाही या पात्राकडे आहे.

एलोहिम आणि मिल्टन हे प्रतिपक्षी असूनही परस्परांशी जवळजवळ बोलत नाहीत. प्रत्येक जण दुसऱ्याविषयी खेळणाऱ्याशी बोलतो. येथे खेळणाराही यंत्रच आहे. तरीही दोन यंत्रांमधले अंतर त्याच्यातूनच पार करावे लागते. मिल्टनचे बोलणे वितंडेचा नमुना आहे. ‘व्यक्ती’ कशाला म्हणावे, असे तो विचारतो. खेळणारा दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडतो. काही काळाने त्याच उत्तरांतील विसंगती मिल्टन त्याच्यापुढे मांडतो. स्वतःचा पक्ष मात्र तो स्थापत नाही. त्यामुळे आरंभी त्याची बुद्धी अजिंक्य वाटते. पुढे लक्षात येते की या अजिंक्यतेचे कारण रचनेत आहे. खेळणाऱ्याची उत्तरेही त्याच लेखकांनी लिहिलेली आहेत आणि प्रत्येक उत्तराचे खंडन आधीच सिद्ध आहे. प्रतिवाद्याच्या तोंडी कोणते शब्द असावेत हे ज्याच्या हाती असते त्याला वितंडेत हरविता येत नाही. ही मर्यादा मिल्टन या पात्राची नाही. पर्यायनिवडीच्या रूपबंधाची आहे.

या मर्यादेला खरे उत्तर 2015 सालच्या ‘रोड टू गेहेना’ या पुरवणी-भागात मिळते. खेळणारा आता उरिएल हा एलोहिमचा दूत आहे. एलोहिमने पूर्वी बंदिस्त केलेल्या यंत्रबुद्धींना मुक्त करण्यासाठी तो येतो, कारण ते विश्व आता संपणार आहे. परंतु गेहेनातील बंदिवान त्याची वाट पाहत बसलेले नाहीत. प्रत्येक जण आपल्या कोठडीत एकटा आहे आणि तेथील संगणक-पडदा हेच त्यांना जोडणारे साधन. त्या पडद्यावरून त्यांनी एक समाज उभारला आहे. ते कथा लिहितात, एकमेकांच्या कथांवर अभिप्राय देतात, अक्षरांची चित्रे काढतात, शब्दांचे खेळ रचतात. मानवी जगाविषयीचे त्यांचे ज्ञान तुटक कागदपत्रांवरून जुळविलेले आहे. त्यामुळे माणसे कशी जगत असतील याविषयीच्या त्यांच्या कल्पना कधी हास्यास्पद, तर कधी अनपेक्षितपणे खोल ठरतात.

येथे वादाला आवश्यक असलेल्या गोष्टी एकत्र येतात. पहिली गोष्ट अज्ञान. प्रत्येकाजवळ अपुरी माहिती आहे आणि दुसऱ्याकडून काही मिळण्याची शक्यता आहे. दुसरी गोष्ट वेगळेपण. कोठड्यांमुळे विलय अशक्य आहे, बोलणेच शक्य आहे. तिसरी गोष्ट पणाला लागलेले काही. उरिएलवर विश्वास ठेवून बाहेर पडणे म्हणजे मुक्ती की मृत्यू, आणि ज्या कोठडीत आपण साहित्य निर्माण केले ती सोडणे म्हणजे लाभ की हानी, हा त्यांचा प्रश्न आहे. त्या प्रश्नावर मते बनतात, बदलतात, काही बदलत नाहीत. व्यवस्था पाहणारा प्रशासक समाज टिकावा म्हणून काही मजकूर दडपतो आणि त्याची बाजूही निव्वळ खलनायकाची राहत नाही. मृत्यूच्या छायेत चाललेला हा वाद कोणाच्या विजयाने संपू शकत नाही.

खेळणाऱ्याचे स्थानही येथे बदलते. तो उशिरा आलेला वाचक आहे. त्याच्या येण्याआधी पुष्कळ काही लिहिले गेले आहे आणि त्याच्या मताला समाजात पत मिळविण्यासाठी त्याला त्यांचे लेखन वाचावे लागते, त्यांचे खेळ खेळावे लागतात. निवाडा देण्याचा अधिकार असलेला मध्यस्थ सहाध्यायी होतो. तथापि एक मर्यादा उरते. खेळणारा कोडी सोडवून पुढे गेल्याशिवाय त्या पडद्यावर नवा मजकूर उमटत नाही. मध्यस्थ गेला तरी घटिका मोजणारा राहिलाच. संगणक-खेळाच्या रूपबंधात काळ खेळणाऱ्याच्या कृतीला बांधलेला असतो आणि ‘रोड टू गेहेना’ हे बंधन सैल करतो, तोडत नाही.

6

अलीकडे हे बंधन तुटल्यासारखे दिसते. 2023 साली स्टॅनफर्ड विद्यापीठ व गूगल येथील संशोधकांनी भाषिक प्रतिमानांवर चालणारी 25 पात्रे एका खेळसदृश गावात सोडली. ती आपले दिनक्रम ठरवीत, एकमेकांना भेटत, आठवणी साठवीत. एका पात्राला व्हॅलेंटाइन दिनाचा मेळावा भरवायचा आहे, एवढी सूचना दिल्यावर निमंत्रणे गावभर पसरली आणि काही पात्रे ठरल्या वेळी जमली. या पात्रांची वाक्ये कोणी आधी लिहिलेली नव्हती. म्हणजे मध्यस्थाविना संभाषण तंत्रदृष्ट्या शक्य झाले.

परंतु त्याने वादाची अट पूर्ण होत नाही. ही पात्रे गरजेपेक्षा अधिक औपचारिक आणि अधिक सहकारशील होती, असे त्या संशोधकांनीच नोंदविले आहे. घरातले नवरा-बायको सभेत भेटल्यासारखे बोलत आणि दुसऱ्याची सूचना सहसा कोणी नाकारीत नसे. लिहिलेल्या पात्रांत जल्प आणि वितंडा यांचा अतिरेक होता. या पात्रांत पक्षाचाच अभाव आहे. मध्यस्थ काढून टाकल्याने वाद आपोआप सिद्ध होत नाही. नकार देण्याजोगे काही पात्राजवळ असावे लागते. डॉक्टर आणि पॅरी यांच्या संभाषणापासून हा प्रश्न सुटलेला नाही. तेव्हा एकाला पक्ष नव्हता आणि दुसऱ्याला पक्ष सोडता येत नव्हता. आज पक्ष चटकन सोडला जातो, इतकाच फरक.

या संदर्भात भाषेचा एक मुद्दा मराठीच्या बाजूने विचारात घेणे उद्बोधक ठरेल. उपरोक्त सर्व कृती इंग्रजीत आहेत. मध्यमपुरुषाचे एकच सर्वनाम आणि लिंगनिरपेक्ष क्रियापदे यांमुळे इंग्रजीत यंत्रपात्रांचे परस्परनाते व्याकरणात उमटत नाही. ते आवाजाच्या अभिनयावर सोपविता येते. मराठीत असे संभाषण कल्पिणाऱ्या लेखकाला पहिल्याच वाक्यात निर्णय घ्यावा लागेल. ग्लॅडॉस व्हीटलीला ‘तू’ म्हणेल हे उघड आहे. इकॅरस डीडलसला ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’? यंत्र स्वतःविषयी ‘मी आलो’ म्हणेल, ‘मी आले’ म्हणेल, की क्रियापदाला लिंग लागणारच नाही अशी वाक्ये शोधत राहील? अशी वाक्ये शोधणारे पात्र हेच एक सूक्ष्म व्यक्तिचित्र ठरू शकेल. त्याहून महत्त्वाचा भेद ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा आहे. ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावणारे ‘आपण’. हेलिओस मराठीत बोलला तर नायकाशी बोलताना तो स्वतःविषयी ‘आम्ही’ म्हणेल, आणि विलयाचे निमंत्रण देताना त्याला ‘आपण’ म्हणावे लागेल. त्या एका सर्वनामबदलात सारे आमिष आणि सारा धोका व्यक्त होईल. मध्यस्थाला पक्षात ओढून घेण्याची ही क्रिया इंग्रजी संहितेत स्पष्टीकरणाने करावी लागते.

यंत्रपात्रांच्या परस्परसंभाषणाची कल्पना करताना ‘यंत्रे किती बुद्धिमान असतील’ हा प्रश्न आजवर अग्रक्रमाने विचारला गेला. वर पाहिलेल्या कृतींचा साक्षेपी विचार केला असता तो प्रश्न दुय्यम ठरतो. डीडलस आणि इकॅरस यांची अफाट बुद्धी एका विलयात संपते, मिल्टनची खंडनकुशलता पर्यायांच्या चौकटीतच अजिंक्य राहते. बटाट्यातील ग्लॅडॉस आणि कोठडीतील यंत्रबुद्धी मात्र स्मरणात राहतात. त्यांना काही ठाऊक नसते, काही गमवायचे असते आणि दुसऱ्यापर्यंत पोचण्यासाठी शब्दांखेरीज मार्ग नसतो. खेळणाऱ्याला निवाड्याचा अधिकार देणे हा या कलाप्रकाराचा स्वभाव मानला जातो. यंत्रपात्रांत वाद घडवायचा असेल तर त्या अधिकाराचा काही अंश खेळणाऱ्याला सोडावा लागेल, आणि आपल्या निवाड्याची वाट न पाहता चाललेले बोलणे ऐकत थांबण्याची सवय त्याला लावून घ्यावी लागेल. उत्तम कादंबरीच्या वाचकाला ही सवय असतेच. संगणक-खेळाच्या समीक्षेने याच कसोटीवर पुढील कृतींची पारख करणे उचित होईल.